कळफलकावर ‘ळ’ कुठे आहे?

१३ मे २०२४. औरंगाबाद लोकसभा मतदारसंघातील मतदानाचा दिवस. (शहराचे आणि जिल्ह्याचे नाव त्याआधीच छत्रपती संभाजीनगर झाले होते, पण मतदारसंघाचे नाव जुनेच राहिले आहे.) आपल्यातील अनेकांप्रमाणे मीही त्या दिवशी मतदान अधिकारी होतो. केंद्र एका खेड्यातील शाळेत, वर्गखोली पत्र्याची, आणि माझ्यापुढे टेबलावर कंट्रोल युनिट. ‘बॅलट’ असे लिहिलेले बटण मी दाबायचे, मतदाराने पुठ्ठ्याच्या आडोशामागे जायचे, लांब आवाज झाला की पुढच्याला सोडायचे, एवढेच माझे काम.

दुपारी एक आजी आल्या. आडोशामागे थोडा वेळ शांतता. मग आवाज झाला. बाहेर येता येता त्यांनी विचारले, “वाजलं ना ओ गुरुजी?” मी “वाजलं, आजी” म्हणालो, आणि त्या पदर सावरत उन्हात निघून गेल्या. आजींनी आयुष्यात कधी संगणक हाताळला असेल असे वाटत नाही. तरीही ३७ उमेदवार आणि शेवटी ‘नोटा’ अशा ३८ पर्यायांतून आपल्याला हवा तो पर्याय त्यांनी एका इलेक्ट्रॉनिक यंत्राला कोणाच्याही मदतीशिवाय सांगितला. यंत्राला तो समजला याची खात्रीही त्यांनी करून घेतली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. संगणकाच्या तासाला सातवीच्या मुलांना ‘आपला जिल्हा’ या विषयावर एक पान मराठीत टाइप करायला दिले होते. एक हुशार मुलगी बराच वेळ कळफलकाकडे नुसती बघत बसली होती. मी जवळ गेलो तेव्हा तिने विचारले, “सर, ‘ळ’ कुठंय?” तिला ‘वेरूळ’ लिहायचे होते.

मी तिला उत्तर दिले ते असे : “इंग्रजी ‘एन’ची कळ आहे ना, ती शिफ्टबरोबर दाब.” उत्तर बरोबर होते. पण देतानाच मला ते विचित्र वाटले. तिला ‘ळ’ येतो, लिहिता येतो, त्याचा उच्चार येतो. तरीही आपल्याच जिल्ह्यातील लेण्यांचे नाव लिहिण्यासाठी तिला आधी इंग्रजीतले एक असंबद्ध अक्षर लक्षात ठेवावे लागणार होते.

आतून पाहिले तर ही दोन्ही यंत्रे एकाच कुळातली. मतदान यंत्रातही एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्यात एक आज्ञावली असते. फरक आहे तो माणसाचे बोट जिथे यंत्राला भेटते त्या जागेत. इंग्रजीत याला इंटरफेस म्हणतात, आणि मराठीतही आता तोच शब्द चालतो. चित्रपटाचे, नाटकाचे, पुस्तकाचे परीक्षण आपल्याकडे होते. पण रोज कोट्यवधी बोटे ज्या वस्तूवर पडतात तिचे परीक्षण सहसा कोणी करत नाही. या लेखात ते करायचे आहे.

आधी मतदान यंत्र घेऊ. त्याच्या विश्वासार्हतेबद्दल जे वाद आहेत ते इथे बाजूला ठेवू. आपला प्रश्न बोट आणि बटण यांच्यापुरता आहे. हे यंत्र बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या दोन सरकारी कंपन्या तयार करतात. त्याला हाती घेण्याजोगे रूप देण्याचे काम मात्र आपल्या राज्यात झाले. पवईच्या आयआयटीतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरचे प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या हे त्याचे अभिकल्पक. १९८२ च्या मे महिन्यात केरळमधील परूर मतदारसंघातील ५० केंद्रांवर अशा यंत्रांचा पहिला वापर झाला, आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ती देशभर वापरली गेली.

या यंत्रात काय चांगले आहे? त्याला पडदा नाही. एकातून दुसऱ्यात उघडत जाणाऱ्या याद्या नाहीत. उमेदवाराचे नाव, त्याचे चिन्ह, दिवा आणि निळे बटण हे सगळे एकाच ओळीत आहे, त्यामुळे कोणते बटण कोणाचे हे लक्षात ठेवावे लागत नाही. एका बटणाचे एकच काम. दाबले की दिवा लागतो आणि आवाज होतो. आता व्हीव्हीपॅटच्या काचेआड सात सेकंद चिठ्ठीही दिसते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी बटणांशेजारी ब्रेलमध्ये क्रमांक आहेत. पण माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा गुण आपण रोज पाहूनही आपल्या लक्षात येत नाही. बटणावर कायमचे काहीच छापलेले नाही. शेजारच्या पारदर्शक झाकणाखाली कागदाची मतपत्रिका सरकवलेली असते. निवडणूक बदलली की कागद बदलतो, राज्य बदलले की कागदावरची लिपी बदलते, यंत्र तेच राहते. यंत्राला स्वतःची अशी भाषा नाही. ज्या गावात ते जाते त्या गावची भाषा ते बोलते.

दोषही आहेत. एका बॅलट युनिटवर १६ जागा. आपल्या मतदारसंघात ३८ पर्याय झाल्यामुळे तीन युनिटे शेजारी शेजारी मांडावी लागली आणि ‘नोटा’ तिसऱ्या युनिटच्या सहाव्या बटणावर गेला. २०१९ मध्ये तेलंगणातील निजामाबादला १८५ उमेदवार होते. तिथे १२ युनिटे लागली. डोळ्याच्या एका टप्प्यात सगळे पर्याय दिसावेत हा मूळ विचार तिथे टिकला नाही. पण हा ताण संख्येमुळे आला, अभिकल्पकांच्या विचारात चूक होती म्हणून नव्हे.

आता आपल्या संगणक कक्षातला कळफलक. त्यावरची इंग्रजी अक्षरांची मांडणी १८७० च्या दशकातील अमेरिकन टंकलेखन यंत्राची, शोल्सच्या आणि नंतर रेमिंग्टनच्या नावाने ओळखली जाणारी. मराठी टंकलेखन यंत्रेही पुढे त्याच साच्यावर बसवली गेली. ३० आणि ४० शब्दांची परीक्षा ज्यांनी दिली आहे त्यांना ती मांडणी अजून बोटात आठवत असेल. तिथे अर्धी अक्षरे आणि काना वेगवेगळ्या कळांवर असत, आणि ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी मारून मग ‘क’ मारावा लागे. कारण उघड आहे. यंत्र डावीकडून उजवीकडे आकृत्या छापत जाई. त्याला अक्षर कळत नव्हते, आकृती कळत होती. यंत्राच्या दृष्टीने ते योग्यच होते.

संगणकाला आकृतीच्या मागचे अक्षर कळू शकते. मग कळांवर आकृत्या ठेवायच्या की ध्वनी? १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी एक सामाईक मांडणी पुढे आणली, १९८८ मध्ये ती सुधारली, आणि १९९१ च्या भारतीय मानक १३१९४ मध्ये तिचा समावेश झाला. तिचे नाव इनस्क्रिप्ट. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जिस्ट’ या नावाने जे काम उभे केले आणि जे पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले, त्या सगळ्या काळाचे हे फळ आहे.

शिक्षकांनी इनस्क्रिप्ट एकदा तरी कागदावर काढून पाहावी, कारण ती मांडणी म्हणजे वर्णमालेचा एक उत्तम तक्ता आहे. उजव्या हाताची बोटे जिथे विसावतात त्या मधल्या ओळीत प, र, क, त, च, ट आहेत. मधला ‘र’ सोडला तर पाचही वर्गांतले पहिले वर्ण. त्यांच्या बरोबर वरच्या ओळीत ब, ह, ग, द, ज, ड, म्हणजे ‘ह’ सोडून पाचही वर्गांतले तिसरे वर्ण. आणि शिफ्ट दाबून तीच कळ मारली की त्या वर्णाचा महाप्राण मिळतो : क चा ख, ग चा घ, ट चा ठ, ड चा ढ. व्याकरणाच्या तासाला अल्पप्राण-महाप्राण शिकवताना याहून चांगले साधन मला तरी सापडलेले नाही. मुलाला सांगावे, “जिथे श्वास जोरात सोडायचा तिथे शिफ्ट.” ते त्याला आयुष्यभर पुरते.

डाव्या हाताकडे स्वरचिन्हे आहेत. मधल्या ओळीत ऱ्हस्व वेलांटी, तिच्यावर दीर्घ. ऱ्हस्व उकार, त्याच्यावर दीर्घ. एक मात्रा, तिच्यावर दोन मात्रा. त्यामुळे मराठी लिहिताना उजवा हात व्यंजन मारतो आणि डावा त्याला स्वर लावतो. थोडा सराव झाला की तबल्याच्या बोलांसारखी दोन्ही हातांची जुगलबंदी जमू लागते. म, न आणि व ही व्यंजने मात्र डाव्या हाताच्या वाट्याला आली आहेत, तेवढा ठेका चुकतो.

एक हिशेब करून पाहू. ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव इनस्क्रिप्टमध्ये लिहायला मधली मोकळी जागा धरून १७ वेळा कळ दाबावी लागते, आणि त्यात फक्त छ व भ यांना शिफ्ट लागते. हेच नाव इंग्रजी अक्षरांत लिहायचे तर मोकळ्या जागेसह २५ कळा. २०२३ नंतर आपल्या शाळांची पत्रके, शिक्के, दाखले, नोंदवह्या या सगळ्यांवर हे नाव किती वेळा टाइप झाले असेल याची कल्पना कार्यालयात बसणाऱ्यांना आहे.

दोष? आहेत, आणि मराठीच्या बाबतीत ते खुपतात. मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांसाठी सामाईक असल्यामुळे मराठीच्या सोयीला मुरड घालावी लागली आहे. ‘न’ च्या कळीवर शिफ्ट मारली की ‘ण’ यावा अशी आपली अपेक्षा. पण तिथे येतो खाली टिंब असलेला ‘ऩ’, ज्याचा मराठीत काहीच उपयोग नाही. आपला ‘ण’ जाऊन बसला आहे ‘म’ च्या कळीवर. वेरूळचा ‘ळ’ निदान ‘ल’ च्या घरात राहतो, पैठणच्या ‘ण’ ला मात्र शेजाऱ्याकडे दिवस काढावे लागतात. उलट ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला ‘ऱ’ मराठीला हवाच असतो, आणि तो ‘र’ वर शिफ्टने मिळतो, ही सोय चांगली झाली आहे. आणखी एक गोष्ट. १९९१ च्या मानकातली ही मांडणी ब्राह्मी कुळातल्या लिप्यांसाठी आहे. आपल्याच शहरातल्या उर्दू माध्यमाच्या शाळांना तिचा उपयोग नाही.

तरीही एकूण विचार करता हे काम पहिल्या प्रतीचे आहे. मग सातवीच्या मुलीला ‘ळ’ का सापडला नाही? कारण ही सुंदर मांडणी संगणकाच्या पोटात आहे, कळफलकावर नाही. कळांवर छापलेली आहेत ती फक्त इंग्रजी अक्षरे. ध्वनींचा इतका विचार करणाऱ्यांनी बोटाला दिसणाऱ्या वस्तूचा विचार दुसऱ्यांवर सोडला, आणि त्या दुसऱ्यांनी तो केलाच नाही. मतदान यंत्राचे उदाहरण घ्यायचे तर, उमेदवारांची यादी यंत्रात नीट भरली पण मतपत्रिका चिकटवायचीच राहून गेली, असे हे झाले.

याचा परिणाम आपण रोज पाहतो. कळांवर मराठी दिसत नाही, म्हणून मुले इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात आणि आज्ञावली त्याचे देवनागरीत रूपांतर करते. या पद्धतीला नावे ठेवण्याआधी तिचे श्रेय दिले पाहिजे. ज्यांनी कधीच मराठी टाइप केले नसते अशा लाखो माणसांना तिने लिहिते केले. पण शाळेत ती पहिली पद्धत म्हणून शिकवणे मला घातक वाटते. इंग्रजीच्या के, ए आणि एल या तीन अक्षरांत मराठीचे ‘कल’, ‘कळ’, ‘काल’ आणि ‘काळ’ असे चार शब्द कोंबले जातात. डी, ए, एल मध्ये ‘दल’ आहे, ‘दळ’ आहे, ‘डाळ’ आहे. यंत्र अंदाज बांधते, चार पर्याय पुढे ठेवते, आणि घाईत असलेले मूल पहिल्या पर्यायावर बोट ठेवते. ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट, ऱ्हस्व आणि दीर्घ हे भेद मुलाच्या कानात आणि हातात पक्के होण्याचे वय असते दहा-बारा वर्षांचे. नेमक्या त्याच वयात आपण त्याला हे भेद न करणाऱ्या कळांवर बसवतो, आणि निबंधात ‘पानी’ दिसले की लाल शाई काढतो.

शिवाय ज्या मुलाचे इंग्रजी कच्चे आहे त्याच्यावर यात दुहेरी अन्याय होतो. मराठी शाळेतील मुलाने मराठी शब्द लिहिण्यासाठी आधी त्याचे इंग्रजी स्पेलिंग जुळवायचे! आता तोंडाने बोलून लिहिण्याची सोय आली आहे आणि ती सुधारतेही आहे. पण चाळीस मुलांच्या वर्गात चाळीस जणांनी एकदम यंत्राशी बोलायचे म्हटले तर काय होईल ते आपण जाणता. आणि बोललेले लिहिलेले दिसले म्हणून लिहिता आले असे होत नाही.

जाता जाता जुन्या फाँटचीही आठवण काढायला हवी. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली मराठी चित्रे असत. एका परीक्षेची मी रात्र जागून टाइप केलेली प्रश्नपत्रिका छापखान्यातल्या संगणकावर उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसला होता. यंत्राने मराठी कधी पाहिलेच नव्हते, फक्त मी पाहत होतो. तो प्रश्न युनिकोडने सोडवला. कळांचा प्रश्न मात्र तसाच आहे.

हा प्रश्न कोणालाच दिसला नाही असे मात्र नाही. पवईच्या त्याच इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कीलेख’ नावाचा एक वेगळाच कळफलक तयार केला आणि २००४ मध्ये तो आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडला. कल्पना साधी आहे. इंग्रजी कळफलकाच्या साच्यात देवनागरी कोंबण्याऐवजी शाळेत भिंतीवर लावलेल्या वर्णमालेच्या तक्त्यासारख्या कळा मांडायच्या. ज्याला क-ख-ग-घ येते त्याला कळ शोधता येते. माझ्या मते आपल्याकडच्या कळफलकांत हा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न आहे, कारण तो शिकणाऱ्याच्या ओळखीच्या वस्तूपासून सुरू होतो.

पण त्याच्यावर टीका करायचीच तर ती अशी. शोधणे सोपे आणि लिहिणे जलद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांचा आहे, वापराच्या वारंवारतेचा नाही. वर्णमालेचा तक्ता जसाच्या तसा कळांवर उतरवला की ङ आणि ञ हे क्वचित लागणारे वर्ण मोक्याच्या जागा अडवतात, आणि दहा बोटांनी न पाहता लिहिणाऱ्याची पंचाईत होते. इनस्क्रिप्ट सराव झालेल्याला प्रसन्न होते, कीलेख पहिल्या दिवशीच्या मुलाला. दोन्हींची गरज आहे. खरा अडथळा मात्र निराळाच होता. वेगळ्या आकाराचा कळफलक म्हणजे वेगळा साचा, वेगळे उत्पादन, वेगळी खरेदी. आपल्या शाळांच्या संगणक कक्षांत तो पोहोचला नाही.

त्याच केंद्रातून २०१३ मध्ये स्मार्टफोनसाठी ‘स्वरचक्र’ आले. पडद्यावर व्यंजनाला स्पर्श केला की त्याभोवती एक चक्र उघडते आणि त्यात त्या व्यंजनाची स्वर लावलेली रूपे दिसतात. बोट हव्या त्या रूपाकडे सरकवायचे. म्हणजे आपली बाराखडीच, फक्त आडव्या ओळीऐवजी गोल फिरलेली! बाराखडी पाठ असलेल्या मुलाला ते दोन मिनिटांत समजते. काचेच्या पडद्याला छापील अक्षरांचे बंधन नसते, त्याचा पुरेपूर फायदा या कल्पनेने घेतला आहे. मात्र काचेवर बोटाला काही जाणवत नाही. साध्या कळफलकावर इंग्रजी एफ आणि जे च्या कळांवर छोटे उंचवटे असतात, त्यांवरून बोटांना घर सापडते. काचेवर डोळे सतत खिळवून ठेवावे लागतात. चार ओळींच्या निरोपाला ते चालते, चार पानांच्या निबंधाला नाही.

जगभर या क्षेत्रात आणखी धाडसी प्रयोग झाले आहेत. त्यातले दोन शिक्षकांना आवडतील. १९७० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटीमध्ये रेडिया पर्लमन यांनी अगदी लहान मुलांसाठी एक यंत्र केले. खाचांमध्ये पत्ते खोचायचे, एक पत्ता ‘पुढे जा’, दुसरा ‘वळ’, आणि जमिनीवरचे यांत्रिक कासव त्या क्रमाने चालायचे. वाचता न येणारे मूलही त्यातून आज्ञावली लिहू शके. १९९२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील ड्यूरेल बिशप यांनी फोनवरचे निरोप साठवणाऱ्या यंत्राची एक कल्पना मांडली. प्रत्येक निरोपाची एक गोटी बाहेर पडायची, आणि ती गोटी खळग्यात ठेवली की निरोप ऐकू यायचा. किती निरोप आले हे कळायला गोट्या मोजायच्या. माहितीला हातात धरता येईल असे रूप देण्याची ही कल्पना. आपल्या मणिचौकटीशी तिचे नाते ओळखायला वेळ लागत नाही.

आणि २००९ मध्ये गाजलेले ‘सिक्स्थ सेन्स’ आपल्याला आठवत असेल. प्रणव मिस्त्री हे पवईच्या याच केंद्राचे विद्यार्थी, तेव्हा एमआयटीत होते. गळ्यात कॅमेरा आणि छोटा प्रोजेक्टर, बोटांच्या टोकांना रंगीत टोप्या, आणि भिंत किंवा तळहात हाच पडदा. वृत्तपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. आज ते कोणाच्याही गळ्यात नाही. मी त्याला अपयश म्हणणार नाही, प्रयोग असेच असतात. पण आपल्याकडची प्रसिद्धी कुठे जाते हे त्यातून दिसते. बोटांना टोप्या घातल्या की पहिल्या पानावर बातमी येते. कळेवर ‘ळ’ छापला पाहिजे या मागणीची बातमी होत नाही, कारण त्यात नवे काय?

नवे नाहीच. थायलंडमध्ये विकल्या जाणाऱ्या साध्या कळफलकाच्या कळांवर इंग्रजीबरोबर थाई अक्षरे छापलेली असतात, आणि थाई ही आपल्यासारखीच ब्राह्मी कुळातली, मात्रा-वेलांट्यांची लिपी आहे. रशियात रशियन, इस्राएलमध्ये हिब्रू. तिथल्या मुलाला “हे अक्षर कुठे आहे?” असे विचारावे लागत नाही. आपल्याकडे मानक १९९१ पासून आहे, संगणकाच्या पोटात मांडणीही असते. राहिली आहे ती फक्त कळेवरची शाई. शाळांसाठी कळफलक घेताना खरेदीच्या अटींत ‘कळांवर इनस्क्रिप्ट देवनागरी छापलेली असावी’ एवढे एक वाक्य घालायला किती खर्च येतो?

तोपर्यंत आम्ही आमच्या कक्षात मतपत्रिकेचा मार्ग धरला. कळांवर चिकटवायची पारदर्शक स्टिकरे मिळतात, त्यांवर देवनागरी अक्षरे असतात आणि खालचे इंग्रजी अक्षरही दिसते. ती मुलांनीच बसवली. तो तास मी मुद्दाम व्याकरणाचा केला. कोणते अक्षर कोणाशेजारी आणि का, हे मुलांनी स्वतः शोधले. पाचही वर्गांचे पहिले वर्ण एका ओळीत आहेत हे एका मुलाला दिसले तेव्हा तो खुर्चीवरून उठून ओरडला होता. वर्षअखेरीला स्टिकरे झिजली. सर्वांत आधी काना झिजला. तो बसतो इंग्रजी ‘ई’ च्या कळेवर, म्हणजे दोन्ही भाषांनी त्या बिचाऱ्या कळेचा पिच्छा पुरवला होता.

वेरूळवाल्या मुलीला आता ‘ळ’ शोधावा लागत नाही. परवा तिने नवी अडचण आणली. तिला ‘विज्ञान’ लिहायचे होते. ध्वनीप्रमाणे कळा मारायच्या हे तिला चांगले समजले आहे, म्हणून तिने द, हलन्त, न, हलन्त, य असे मारले, आणि पडद्यावर ‘विद्न्यान’ उमटले. तिच्या कानाचे काहीच चुकले नव्हते, मराठीत आपण उच्चार तसाच करतो. यंत्राला मात्र ज आणि ञ हवे होते. काही मांडण्यांत अंकांच्या ओळीत शिफ्टबरोबर ज्ञ, क्ष, त्र, श्र तयार मिळतात, ते मी तिला दाखवले असते तर प्रश्न तिथेच मिटला असता. मी ते दाखवले नाही. आम्ही दोघांनी मिळून ‘ञ’ शोधला, तो उजवीकडे नुक्त्याच्या कळेवर शिफ्टसह सापडला. मग तिने विचारले, “सर, पण ज आणि ञ मिळून द्न्य कसं होतं?” तास संपायला चार मिनिटे होती. मी खडू घेतला आणि फळ्याकडे वळलो.